खुळ्या पतपेढ्यांचं कौतुक

शहाण्या बँकेला कसा ग्राहक हवा असतो हे जगजाहीर आहे. त्याच्याकडे आधीपासून पैसे असावेत, आधीची कर्जं वेळेवर फेडल्याची नोंद असावी, नाव अर्जाच्या चौकटीत मावेल एवढंच असावं आणि त्याने बँकेच्या वेळेत, बँकेच्या भाषेत, बँकेच्या दारी यावं. मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वाडोर, होंडुरास इथून अमेरिकेत जाऊन शेतात, बांधकामावर, कोंबडीच्या मांसाच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसाकडे यातलं जवळजवळ काहीच नसतं. शुक्रवारी संध्याकाळी हातात पडलेली मजुरी तेवढी असते. अशा माणसासाठी खात्याचे नियम, अर्ज, वेळा आणि कर्जाची कसोटी बदलत बसणं हा बँकिंगच्या हिशेबात निव्वळ खुळेपणा आहे. अमेरिकेतल्या काही क्रेडिट युनियन, म्हणजे आपल्या पतसंस्थांसारख्या सभासदांच्याच मालकीच्या संस्था, गेली पंचवीस वर्षं हा खुळेपणा नेटाने करत आल्या आहेत. मला त्यांची स्तुती करायची आहे, आणि ती हातचं राखून करायची नाही.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरॅम शहरापासून सुरुवात करतो. १९९० साली या राज्यात हिस्पॅनिक लोक होते सुमारे ७७ हजार. २००० साली ते पावणेचार लाखांच्या वर गेले. इतक्या लोकांची मजुरी दर आठवड्याला रोखीत वाटली जात होती आणि ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती खिशात नाहीतर गादीखाली राहत होती. लुटारूंच्या हे लगेच लक्षात आलं. या मजुरांना ‘चालत्या बँका’ असं नाव पडलं. वाटेत गाठून मारहाण झाली, घरं फुटली, माणसंही मेली. पोलिसांनी सल्ला दिला की पैसे बँकेत ठेवा. सल्ला बरोबरच होता. पण बँकेत गेलं की सोशल सिक्युरिटी क्रमांक विचारला जाई, आणि तो नसला की माणूस पैशांसकट पुन्हा रस्त्यावर.

त्या वेळी डरॅममध्ये लॅटिन अमेरिकन वस्तीत काम करणारी एल सेंट्रो हिस्पानो ही संस्था, सेल्फ-हेल्प ही पतपुरवठ्याची संस्था आणि राज्य कर्मचाऱ्यांची अवाढव्य क्रेडिट युनियन यांनी एकत्र येऊन २००० साली लॅटिनो कम्युनिटी क्रेडिट युनियन काढली. ज्यांना बँकिंगचा अनुभव नाही, कागदपत्रं अर्धवट आहेत, उत्पन्न तुटपुंजं आहे आणि भाषा वेगळी आहे, नेमकं त्यांनाच सभासद करून घ्यायचं असं ठरवून ही संस्था उभी राहिली. कोणत्याही सल्लागाराने या बेताखाली सही केली नसती. सेल्फ-हेल्पला मात्र अशा बेतांची सवय होती. १९८० साली मार्टिन ईक्स यांनी ती सुरू केली, आणि पुढे तिच्या पतपेढीच्या भांडवलाची सुरुवात घरगुती केक-बिस्किटं विकून जमलेल्या ७७ डॉलरांपासून झाली होती. आज लॅटिनो कम्युनिटीचे सभासद लाखाच्या घरात आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं तिथे येण्यापूर्वी कुठेच खातं नव्हतं.

हा वेडेपणा एकविसाव्या शतकात सुचला असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी न्यू हॅम्पशरमधलं मँचेस्टर गाव आठवावं. अमेरिकेतली पहिलीवहिली क्रेडिट युनियन तिथे १९०८ साली निघाली, आणि तीही स्थलांतरितांसाठीच. कापडगिरण्यांत काम करायला कॅनडातून आलेले फ्रेंच बोलणारे मजूर, त्यांच्या चर्चचे फादर पिएर हेवी, आणि क्वेबेकहून बोलावून आणलेले आल्फाँस देजार्दँ. देजार्दँ कॅनडाच्या संसदेत भाषणांची टिपणं घेणारे गृहस्थ. सावकारी व्याजाच्या कहाण्या कानांवर पडून अस्वस्थ झालेल्या या माणसाने १९०० साली लेव्ही गावात लोकांची पतपेढी काढली. तिच्यात जमा झालेली पहिली ठेव होती १० सेंटची. मँचेस्टरच्या संस्थेचा कारभार जोझेफ ब्वाव्हँ नावाचे एक वकील सुरुवातीला आपल्या राहत्या घरातून पाहत. गिरणी सुटल्यावर कामगार तिथे येत आणि आपल्या भाषेत बोलून पैसे ठेवत. त्या घरात आता क्रेडिट युनियन चळवळीचं संग्रहालय आहे. म्हणजे इंग्रजी न येणाऱ्या, दुसऱ्या देशातून आलेल्या, फावल्या वेळातच येऊ शकणाऱ्या मजुरासाठी खातं बेतणं हा क्रेडिट युनियनचा मूळ धंदा आहे. पुढे तिचे सभासद सुस्थितीत आले, इमारती झाल्या, आणि मग ‘आमच्या नियमात बसत नाही’ म्हणायची सवय लागली.

या कुळकथेला आपल्याकडचा एक धागा आहे आणि तो मला फार प्रिय आहे. बॉस्टनचे मोठे दुकानदार एडवर्ड फिलीन १९०७ साली जगप्रवासात हिंदुस्थानात आले आणि खेड्यांतल्या सहकारी पतपेढ्या पाहून भारावून गेले. १९०४च्या कायद्याने त्या नुकत्याच आकाराला येत होत्या. १८७५ साली सुप्याला आणि भोवतालच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले होते. त्या दंग्यांनी सरकारला खेड्यातल्या कर्जाकडे पाहायला भाग पाडलं, आणि पुढच्या दुष्काळांनंतर तीसेक वर्षांनी हा कायदा आला. तारण ठेवायला काही नसलेल्या माणसाला त्याचे गाववाले ओळखतात, हेच तारण मानायचं, ही या पतपेढ्यांची रीत. फिलीन ती डोक्यात घेऊन परतले. १९०९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये क्रेडिट युनियनचा कायदा झाला त्यात त्यांचा हात होता. पुढे त्यांच्याच पैशावर ही चळवळ देशभर पसरली आणि १९३४ साली रूझवेल्ट यांनी तिच्या राष्ट्रीय कायद्यावर सही केली. डरॅमच्या काउंटरवर भाड्याच्या पावत्या घेऊन उभ्या असलेल्या होंडुरासच्या गवंड्याला कोणीतरी विश्वासाने कर्ज देतं, त्यामागे हिंदुस्थानातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याचाही थोडा वाटा आहे.

आता मुख्य खुळेपणाकडे येऊ. तो आहे ओळखपत्राचा.

परदेशातल्या आपल्या नागरिकांना मेक्सिकोचे वाणिज्यदूतावास ‘मात्रिकुला कोन्सुलार’ नावाचं ओळखपत्र देतात. १८७१ पासून देतात. २००२ साली त्याची नक्कल करायला अवघड अशी नवी आवृत्ती आली. बँकांपैकी वेल्स फार्गोने २००१च्या नोव्हेंबरपासून ते खातं उघडायला चालेल असं जाहीर केलं होतं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतरचे ते दिवस. पेट्रियट कायद्याच्या ३२६व्या कलमाने प्रत्येक वित्तसंस्थेवर ग्राहकाची ओळख पटवण्याची सक्ती आली होती. एफबीआयने २००३ साली संसदेसमोर सांगितलं की हे कार्ड भरवशाचं नाही. अर्थखात्याने पुन्हा लोकांची मतं मागवली आणि सप्टेंबर २००३ मध्ये नियम होता तसाच ठेवला. नियम असा आहे: नाव, जन्मतारीख, पत्ता आणि एक ओळख क्रमांक. परदेशी नागरिकाच्या बाबतीत हा क्रमांक त्याच्या पासपोर्टचा चालतो, किंवा राष्ट्रीयत्व अथवा रहिवास दाखवणाऱ्या, फोटो असलेल्या दुसऱ्या सरकारी कागदाचाही चालतो. कोणता कागद पुरेसा मानायचा हे संस्थेने आपली जोखीम पाहून ठरवायचं असतं.

हे मी इतकं तपशिलात सांगतो आहे त्याला कारण आहे. ‘कायदा परवानगी देत नाही’ हे वाक्य अमेरिकेच्या काउंटरांवर हजारो वेळा बोललं गेलं आहे आणि ते खरं नव्हतं. कायद्याने दार उघडं ठेवलं होतं. ते लावून घेणं संस्थांना सोयीचं होतं, कारण नाही म्हणायला कोणाला प्रशिक्षण द्यावं लागत नाही. हो म्हणायचं तर ग्वाटेमालाचं कार्ड कसं दिसतं, मेक्सिकोचं कसं, त्यावरची सुरक्षाखूण कुठे असते, हे कॅशियरला शिकवावं लागतं, धोरणात लिहावं लागतं आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला समजावून द्यावं लागतं. खुळ्या पतपेढ्यांनी हा सगळा खटाटोप केला. माझ्या मते या कथेतलं खरं शौर्य याच कंटाळवाण्या कागदी कामात आहे.

दुसरा कागद करखात्याचा. ज्यांना सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळू शकत नाही, पण कर भरायचा आहे, त्यांच्यासाठी अमेरिकेच्या करखात्याने १९९६ साली आयटिन हा नऊ आकडी क्रमांक काढला. त्याची सुरुवात ९ने होते. तो देताना व्हिसाची स्थिती विचारात घेतली जात नाही. न्यू जर्सी किंवा टेक्ससमधल्या कितीतरी मराठी घरांना तो चांगला परिचयाचा आहे, कारण एच-४ व्हिसावर गेलेल्या पत्नीला नवऱ्याबरोबर कर भरायला याच क्रमांकाची गरज पडते. पुण्याची इंजिनिअर पत्नी आणि मेक्सिकोतल्या वाहाकाहून आलेला माळी, दोघांचाही क्रमांक एकाच यंत्रणेतून येतो. इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांनी २०२२ साली ९६.७ अब्ज डॉलर कर भरला. ज्याच्याकडून सरकार कर घेतं त्याच्याकडून ठेव घ्यायला बँक कचरते, हे मला कधीच पटलेलं नाही.

नावाचं प्रकरण वरवर किरकोळ आहे, पण त्यात लोकांचे हाल होतात. अमेरिकन अर्जावर तीन चौकटी असतात: पहिलं, मधलं आणि शेवटचं नाव. स्पॅनिश रीतीत माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं आणि मग आईचं. गाब्रिएल गार्सिया मार्केस हे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्यातलं ‘मार्केस’ आईकडचं. हा लेखक एखाद्या अमेरिकन पतपेढीच्या काउंटरवर गेला असता तर यंत्राने ‘गार्सिया’ मधल्या चौकटीत ढकललं असतं. मग खातं मार्केसांचं, पगाराचा चेक गार्सियांचा, आणि पतमापन संस्थेच्या वहीत दोन अर्धी माणसं, ज्यांच्यापैकी एकाकडेही कर्ज मिळेल एवढा इतिहास नाही. बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, म्हणून संयुक्त खात्यावर ‘हे खरंच पती-पत्नी आहेत का’ अशी शंका. तारीख दिवस आधी लिहून दिली की मार्च आणि जुलै यांची अदलाबदल. जिथे यंत्रात दुसऱ्या आडनावासाठी चौकट वाढवली गेली, तिथे ती वाढवायला कोणीतरी संगणक पुरवणाऱ्या कंपनीशी महिनोन्‌महिने भांडलेलं असणार. शिंप्याने गिऱ्हाईक पाहून कपडा बेतावा, कपडा पाहून गिऱ्हाईक कापू नये, एवढंच हे तत्त्व आहे.

खातं उघडण्याआधी एक गोष्ट मात्र कोणत्याही अर्जात बसत नाही. बँकेवरचा अविश्वास. या मजुरांना बँकेचं महत्त्व कळत नाही, त्यांना अर्थसाक्षर केलं पाहिजे, असं अनेक भले लोक म्हणतात. मला हे ऐकवत नाही. मेक्सिकोत १९८२ साली सरकारने लोकांच्या डॉलरमधल्या ठेवी सक्तीने पेसोत बदलल्या, तेही बाजारापेक्षा कमी भावाने, आणि लगोलग बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. १९९४च्या डिसेंबरात पेसो कोसळला, व्याजदर कडाडले आणि कर्जदार देशोधडीला लागले. इक्वेडोरमध्ये १९९९च्या मार्चमध्ये खाती गोठवली. ती मोकळी होईपर्यंत चलनाचीच माती झाली होती आणि पुढच्या वर्षी देशाने डॉलर स्वीकारला. अर्जेंटिनात २००१च्या डिसेंबरात आठवड्याला २५० पेसोंपेक्षा जास्त काढायला बंदी आली. हे ज्याच्या आईबापांनी भोगलं तो नोटा गादीखाली ठेवत असेल तर तो अडाणी नाही, तो अनुभवी आहे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २०१९च्या सप्टेंबरात निर्बंध आले आणि पहिल्या दिवशी ठेवीदारांना फक्त १,००० रुपये काढायची मुभा मिळाली, तेव्हा मुंबईत शाखांबाहेर उभ्या राहिलेल्या माणसांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

अविश्वास घालवायला पत्रक छापून भागत नाही. इथे मी खोट्या खुळ्यांविषयीही बोललं पाहिजे. काही संस्था आपल्या जाहिरातीचं स्पॅनिश भाषांतर करून घेतात, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचा फोटो लावतात आणि ‘आम्ही हिस्पॅनिक समाजाची सेवा करतो’ असं जाहीर करतात. ग्राहक आत येतो तेव्हा काउंटरवर स्पॅनिश बोलणारी एकच मुलगी असते आणि ती मंगळवारी सुट्टीवर असते. जाहिरात स्पॅनिशमध्ये, कर्जाचा करार इंग्रजीत. ज्या कागदावर माणूस बांधला जातो नेमका तोच त्याला वाचता येत नाही. याला सेवा म्हणता येणार नाही. हा सापळा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. देशभरातल्या ज्या क्रेडिट युनियन हे काम मनापासून करतात त्यांना ‘हुंतोस आव्हान्सामोस’ हे मानांकन मिळतं. ते टेक्ससमध्ये सुरू झालं आणि आता इन्क्लुझिव्ह ही संस्था ते देते. त्यात स्पॅनिश येणारे कर्मचारी, दूतावासाची ओळखपत्रं, परवडणारी कर्जं आणि वस्तीतल्या संस्थांशी संबंध अशा गोष्टी पाहिल्या जातात. मानांकनाने सगळं साधतं असं नाही, पण भाषांतरित पत्रकाच्या पलीकडे काय करायचं असतं हे त्याने लिहून ठेवलं.

वेळांबद्दल फार सांगायला नको. मजूर पाच वाजता सुटतो, पतपेढी पाच वाजता बंद होते. ज्यांनी शनिवारी दिवसभर शाखा उघडी ठेवली त्यांच्याकडे रांग लागली.

कर्जाची गोष्ट जास्त खोल आहे. अमेरिकेत माणसाची पत आकड्यात मोजतात. फायको हा गुणांक १९८९ पासून चालत आलेला, आणि तो निघायलाही किमान सहा महिने जुनं एखादं खातं लागतं. म्हणजे कर्ज मिळायला आधी कर्ज घेतलेलं असावं लागतं. ग्राहक संरक्षण खात्याने २०१५ साली मोजलं तेव्हा २.६ कोटी प्रौढ अमेरिकनांची पतनोंदच अस्तित्वात नव्हती. अशा माणसाला शेकडा १५ डॉलर शुल्कावर दोन आठवड्यांचं कर्ज देणारी दुकानं आहेत. वर्षाच्या हिशेबात ते व्याज ३९० टक्क्यांच्या आसपास जातं. अनेक राज्यांत हे कायदेशीर आहे आणि त्यात यश मिळवणाऱ्याला व्यवहारचतुर म्हणतात. राष्ट्रीय सनदेच्या क्रेडिट युनियनना मात्र व्याजावर १८ टक्क्यांची मर्यादा आहे. त्या दुकानांना पर्याय म्हणून २०१० पासून दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जांवर ती २८ टक्के आहे.

खुळ्या पतपेढीचा कर्ज अधिकारी आकडा नसलेल्या माणसासमोर बसतो आणि विचारतो, भाडं भरलंस त्याच्या पावत्या आहेत का? विजेचं बिल? फोनचं? गावी दर महिन्याला आईला पैसे पाठवतोस त्याच्या चिठ्ठ्या? सहा वर्षं, दर महिन्याला, एकदाही न चुकता आईला २०० डॉलर पाठवणाऱ्या माणसाची शिस्त कोणत्याही गुणांकापेक्षा जास्त बोलते, आणि ती वाचायला माणूसच लागतो. आधी स्वतःच्याच ठेवीवर छोटं कर्ज, मग जुन्या गाडीसाठी, मग घरासाठी. आयटिन क्रमांकावर दिलेलं गृहकर्ज फॅनी मे किंवा फ्रेडी मॅकसारख्या गृहकर्जं विकत घेणाऱ्या बड्या संस्थांना विकता येत नाही असा बहुतेक ठिकाणचा अनुभव आहे. ते पतपेढीला आपल्याच वहीत, शेवटचा हप्ता येईपर्यंत सांभाळावं लागतं. म्हणून ती नीट पाहून देते. २००८च्या आधीची काही वर्षं आठवा. नामवंत संस्था उत्पन्नाचा पुरावा न मागता कर्जं वाटत होत्या आणि ती कर्जं गठ्ठ्यांनी विकून मोकळ्या होत होत्या. त्याच वर्षांत या पतपेढ्या भाड्याच्या पावत्या एकेक करून तपासत होत्या. त्यानंतर कोणाला सरकारी मदतीने वाचवावं लागलं ते सर्वांनी पाहिलं आहे.

काहींनी नागरिकत्वाच्या अर्जासाठीही कर्ज सुरू केलं. तो अर्ज कागदावर भरला तर शुल्क आहे ७६० डॉलर. रोजंदारीच्या घरात ही रक्कम वर्षभर ‘पुढच्या महिन्यात’ राहते. दरमहा थोडे हप्ते, आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत पतही तयार. इतकं लहान, इतकं उपयोगी कर्ज दुसरं मला माहीत नाही.

आता भिशी. मेक्सिकोत तिला तांदा म्हणतात, ग्वाटेमालात कुचुबाल, डॉमिनिकन लोकांत सान. दहा बायका दर आठवड्याला ठरलेली रक्कम घालतात आणि दर आठवड्याला एकीला सगळी थैली मिळते. व्याज नाही, कागद नाही, कोणी बुडवत नाही, कारण उद्या त्याच गल्लीत तोंड दाखवायचं असतं. आपल्याकडे चाळींत, बाजारपेठांत, ऑफिसांत अशा भिशीवर किती लग्नं आणि किती शिवणयंत्रं उभी राहिली याचा हिशेब कोणाकडेच नाही. अमेरिकेतही या फेडीची नोंद कुठेच होत नव्हती. वीस वर्षं तांदा चालवणारी बाई पतमापन संस्थेच्या लेखी जन्मालाच आलेली नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन अॅसेट फंडाने २००८च्या सुमारास साधी गोष्ट केली. भिशी तशीच ठेवली, बिनव्याजी, सभासदांच्या आपसातली. फक्त करार लिहिला आणि प्रत्येक हप्ता पतमापन संस्थांना कळवला. त्या कल्पनेमागचे होसे किन्योनेस यांना २०१६ साली मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली. मिशन अॅसेट फंड ही क्रेडिट युनियन नव्हे, ना-नफा संस्था आहे. पण क्रेडिट युनियननी तिच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. लोकांची पत आधीपासून होती. ती लिहून घेणारं कोणी नव्हतं.

हे सगळं करूनही दरी बुजलेली नाही. ठेव विमा महामंडळाच्या २०२३च्या पाहणीत देशातली ४.२ टक्के कुटुंबं खात्याविना होती; गोऱ्या कुटुंबांत १.९ टक्के, हिस्पॅनिक कुटुंबांत ९.५ टक्के. मेक्सिकोत २०२४ साली परदेशातून सुमारे ६४.७ अब्ज डॉलर आले, त्यातले बहुतांश अमेरिकेतून. घरी येणाऱ्या अशा पैशात पहिला क्रमांक आपला आणि दुसरा त्यांचा, त्यामुळे ‘गावी पैसे पाठवणं’ म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेने रोखीने पाठवलेल्या पैशावर १ टक्का कर लावला आहे; अमेरिकेतल्या खात्यातून किंवा डेबिट कार्डाने पाठवले तर तो लागत नाही. खातं नसण्याची किंमत आता कायद्यातच लिहिली गेली.

आणि त्याच वेळी खातं उघडायची भीती वाढली. एप्रिल २०२५ मध्ये करखात्याने स्थलांतर अंमलबजावणी यंत्रणेला करदात्यांची माहिती देण्याचा करार केला. आयटिन घेऊन इमानाने कर भरा, असं पंचवीस वर्षं सांगणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याचा शब्द त्या कराराने खोटा पाडला. ज्या पतपेढीने त्याच क्रमांकावर खाती उघडली तिने आता सभासदाला काय सांगायचं? तिने खरं सांगावं. ठेवीला अडीच लाख डॉलरपर्यंत सरकारी विमा आहे आणि त्याला नागरिकत्वाची अट नाही. कोणती माहिती संस्थेकडे आहे, कोणत्या आदेशाशिवाय ती बाहेर जाणार नाही, आणि तसा आदेश आला तर काय होईल, हे स्पॅनिशमध्ये, समोर बसून, सांगितलं पाहिजे. गोड बोलून खातं टिकवणं हा या लोकांचा घात होईल. अशा काळात नवी शाखा उघडणाऱ्या, रविवारी चर्चच्या आवारात टेबल मांडून बसणाऱ्या पतपेढीला मी मनापासून नमस्कार करतो.

शेवटचा खुळेपणा बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. क्रेडिट युनियनमध्ये भाग घेतला की माणूस मालक होतो आणि मालकाला एक मत मिळतं. दोन लाख ठेव असणाऱ्यालाही एकच, पाच डॉलरवाल्यालाही एकच. या स्थलांतरित मजुराला अमेरिकेत महापौराच्या निवडणुकीत किंवा मुलाच्या शाळेच्या मंडळासाठी जवळजवळ कुठेच मत नाही. पतपेढीच्या संचालक मंडळासाठी मात्र आहे. हा हक्क कागदावर असून बहुतेक ठिकाणी वापरला जात नाही, कारण सभेची नोटीस इंग्रजीत जाते आणि सभा असते बुधवारी सकाळी. माझी मागणी अगदी साधी आहे. नोटीस स्पॅनिशमध्ये काढा. सभा रविवारी दुपारी घ्या. मुलं सांभाळायला दोन माणसं ठेवा. ताळेबंद मोठ्याने वाचा आणि प्रश्न विचारायला अर्धा तास जास्त द्या. आणि थकबाकीवर, व्याजदरावर, संचालकांच्या खर्चावर एखाद्या मिचोआकानच्या छपरं घालणाऱ्या कारागिराने भर सभेत अध्यक्षांना धारेवर धरलं, तर त्याला बोलू द्या. पुढच्या वर्षी मंडळाच्या निवडणुकीत उभा राहायला त्याला अर्ज द्या.